शिपिंगचा खर्च कमी कसा करायचा: छोट्या ऑनलाइन सेलर्सचे नेहमीचे प्रश्न

मी हातानं बांधलेल्या वह्या आणि सिरॅमिकचे कप विकते, म्हणजे एक वस्तू चपटी आणि न फुटणारी आणि दुसरी गोल, पोकळ आणि नुसतं बघितलं तरी फुटेल अशी, त्यामुळे पार्सलच्या बाबतीत जे जे चुकू शकतं ते बहुतेक सगळं माझं चुकवून झालंय. नवीन सेलर्स सारखे तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, दरवेळी नव्यानं टाइप करायचा कंटाळा आला हे खरं कारण. रेट जागोजागी वेगळे असतात त्यामुळे रेट सांगत बसत नाही, हिशोब कसा करायचा ते सांगते. आणि उदाहरणात आकडे आले की ते कुठल्याही चलनात वाचा.

माझी वस्तू ४०० ग्रॅमची आहे आणि कुरिअरनं २ किलोचे पैसे लावलेत. फसवलं का मला?

बहुतेक नाही. कुरिअरवाले दोन वजनं बघतात, एक काट्यावरचं खरं वजन आणि दुसरं व्हॉल्युमेट्रिक, म्हणजे खोका किती जागा खातो त्यावरून काढलेलं वजन, आणि दोघांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. गाडीतली जागा संपली की संपली, मग खोक्यात लोखंड असो नाहीतर कापूस, त्यामुळे त्यांच्या बाजूनं बघितलं तर यात लबाडी काहीच नाही.

हिशोब सोपा आहे. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००, आलेलं उत्तर किलोमध्ये. ३० बाय २० बाय १५ चा खोका घ्या, गुणाकार ९०००, भागिले ५००० म्हणजे १.८ किलो, आणि रेट अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्यानं असतील तर ते वर ओढून २ किलो धरणार. आत कप ४०० ग्रॅमचाच आहे, बाकी १.६ किलोची तुम्ही हवा पाठवली आणि तिचेही पैसे भरले.

आता खरी गंमत पुढे आहे. तोच खोका प्रत्येक बाजूनं फक्त २ सेंटीमीटर लहान करा, २८ बाय १८ बाय १३. गुणाकार ६५५२, म्हणजे १.३१ किलो, म्हणजे बिल १.५ किलोचं. दोन सेंटीमीटर म्हणजे जेमतेम बोटाएवढी रुंदी, पण तिन्ही बाजूंनी कमी झाली की आकारमान २७ टक्क्यांनी उतरतं, कारण इथे बेरीज नाही गुणाकार आहे. हे कळलं त्या रात्री मी टेप घेऊन घरातले सगळे खोके मोजत बसले होते आणि तोपर्यंत भरलेल्या हवेच्या पैशांचा हिशोब मात्र मुद्दाम केला नाही.

हा ५००० चा आकडा सगळीकडे सारखाच असतो का?

नाही, आणि म्हणूनच रेटकार्ड हातात आलं की किलोचा रेट बघायच्या आधी भाजक बघायचा. एक्सप्रेस कुरिअरमध्ये ५००० नेहमीचा आहे, विमानाच्या कार्गोत पारंपरिक आकडा ६०००, काही कंपन्या रस्त्याच्या मालाला ४००० सुद्धा लावतात. इंच आणि पाउंड चालतात तिथे १३९ किंवा १६६ दिसेल. भाजक जितका लहान तितकं तुमचं पार्सल कागदावर जड. ९००० चा तोच खोका ६००० नं भागला तर १.५ किलो आणि ४००० नं भागला तर २.२५, त्यामुळे किलोचा रेट स्वस्त दिसतोय म्हणून खुश व्हायचं आणि भाजकात मार खायचा असं होऊ शकतं.

पूर्वी लहान पार्सलना हे सगळं फारसं लागू नव्हतं. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स या मोठ्या कुरिअर कंपन्यांनी २०१४ संपताना आणि २०१५ सुरू होताना रस्त्यानं जाणाऱ्या सगळ्याच पॅकेजना हा नियम लावला, त्याआधी ३ घनफुटांपेक्षा लहान खोके सुटायचे. मग २०१७ मध्ये फेडेक्सनं भाजक १६६ वरून १३९ वर आणला, खोका तोच राहिला आणि वजन वाढलं. जुने सेलर्स म्हणतात ना की आमच्या वेळी मोठा खोका चालायचा, ते खोटं बोलत नसतात.

मग खोके कुठल्या साईजचे घेऊन ठेवू?

आधी काही घेऊच नका. मागच्या ४०-५० ऑर्डरी काढा, कशात काय गेलं ते लिहा, आणि प्रत्येक ऑर्डर कमीत कमी केवढ्या खोक्यात मावली असती ते त्याच्या पुढे लिहा. एका संध्याकाळचं काम आहे. बहुतेकांचं असं निघतं की दोन किंवा तीन साईजमध्ये जवळजवळ सगळा माल बसतो, आणि आपण मात्र "एकच मोठा खोका ठेवला की सगळ्याला चालतो" असं म्हणून वर्षभर तोच वापरत असतो. मी स्वतः तेच करत होते, एक चपटा वह्यांचा, एक एका कपाचा, एक दोन कपांचा, यावर यायला मला फार वेळ लागला.

खोका विकणारा सांगतो ती साईज बहुतेक वेळा आतली असते आणि कुरिअर मोजतो बाहेरून. थ्री प्लायच्या, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची जाडी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, फाइव्ह प्लायची ६ ते ७, आणि ती दोन्ही बाजूंना धरायची, म्हणजे फाइव्ह प्लायमध्ये प्रत्येक मापाला सेंटीमीटरभर जास्तच. वरचा फ्लॅप दुमडला की तिथे अजून थोडं. टप्प्याच्या अगदी काठावरचा खोका घेताना हे विसरलात तर सगळं गणित पाण्यात.

खोके फुगू देऊ नका हे पण इथेच सांगते. २८ बाय १८ बाय १३ चा खोका ठासून भरला आणि मध्यभागी उंची १५ झाली तर गुणाकार ७५६०, म्हणजे १.५१ किलो, आणि त्या ०.०१ पायी तुम्ही २ किलोच्या टप्प्यात. मोठ्या हबवर हल्ली माणूस टेप लावत नाही, पट्ट्यावरून जाताना स्कॅनर मोजतो आणि तो सगळ्यात उंच जागा धरतो.

खोका की कुरिअर बॅग?

कपडे, कापडी पिशव्या, मऊ खेळणी, न वाकणाऱ्या पुठ्ठ्यात बसवलेली वही, असलं सगळं बॅगेतच पाठवा. बॅगचं स्वतःचं वजन १०-१५ ग्रॅम, साध्या खोक्याचं १०० ते २००, आणि बॅग वस्तूच्या आकाराला चिकटते त्यामुळे हवा जातच नाही. टीशर्ट खोक्यात पाठवणारे सेलर्स अजूनही दिसतात, अनबॉक्सिंग चांगलं दिसावं म्हणून, तर ठीक आहे, महागडा माल असेल आणि किमतीत ते बसत असेल तर पाठवा, पण मग शिपिंग परवडत नाही म्हणून रडू नका.

कपडा घडी घालून हातानं दाबून हवा काढायची. फुगलेली बॅग म्हणजे पुन्हा तेच.

जुने खोके परत वापरले तर चालतात का?

चालतात. जुनी लेबलं आणि बारकोड पूर्ण झाकायचे किंवा फाडायचे, नाहीतर स्कॅनर जुनं लेबल वाचतो आणि पार्सल भलतीकडे फिरायला निघतं. फुटणाऱ्या वस्तूला मात्र नको, एकदा दबलेला पुठ्ठा पूर्वीएवढा ताकदीचा राहत नाही.

पॅकिंग कमी केलं आणि वस्तू फुटली तर? वाचवलेलं सगळं जाईल ना?

जाईल, आणि वर कस्टमरही जाईल. एक फुटलेला कप म्हणजे कपाची किंमत, जातानाचं शिपिंग, नवीन पाठवायचं शिपिंग आणि वरून एक स्टारचा रिव्ह्यू, हे भरून काढायला कितीतरी पार्सलमधली बचत खर्ची पडते. म्हणून खोका लहान करायचा म्हणजे कुशन काढून टाकायचं असं नाही, वस्तू हलायची बंद करायची असं आहे. मोठ्या खोक्यात कप इकडून तिकडे आपटतो तो लहान खोक्यात चारी बाजूंनी दाबून बसवला तर जास्त सुरक्षित जातो.

मी काय करते, नवीन पॅकिंग ठरवलं की ते पाडून बघते. आयएसटीए नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पॅकेजिंग तपासायच्या पद्धती आहेत, त्यातली हलक्या पार्सलची साधी पद्धत घरी सहज जमते: साधारण ७६ सेंटीमीटर उंचीवरून, म्हणजे टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा सोडायचं, एकदा कोपऱ्यावर, तीनदा त्या कोपऱ्याच्या तीन कडांवर आणि सहा वेळा सहा बाजूंवर. आत एखादा डिफेक्टिव्ह कप टाका, चांगला कशाला. दहाव्यांदा पाडल्यावर खोका हलवून आवाज आला नाही तर पॅकिंग पास. माझं पहिलं पॅकिंग दुसऱ्याच वेळी नापास झालं होतं आणि ते मी चार महिने कस्टमरना पाठवत होते, आता बोला.

सगळ्यात जास्त मार कोपऱ्याला आणि कपाच्या कानाला बसतो. कानाच्या पोकळीत कागदाचा बोळा घालून मग गुंडाळलं तर अर्धी भीती तिथेच जाते, बबल रॅपचे पाच थर द्यायची गरज राहत नाही. टेप वर आणि खाली एच आकारात, मधली फट आणि दोन्ही कडा, बास. सगळीकडून टेप गुंडाळून ममी करू नका.

वजनकाटा घ्यायलाच लागतो का? अंदाजानं लिहिलं तर?

घ्या. ग्रॅमचा साधा डिजिटल काटा महाग नसतो आणि ४९० ग्रॅमचं पार्सल ५१० झालं तर पुढचा टप्पा लागतो. अशा काठावरच्या वेळी जाड थँक्यू कार्डाऐवजी पातळ कार्ड, किंवा खोक्याऐवजी बॅग, एवढ्यावर काम होतं. वजन पॅकिंग आणि लेबलसकट करायचं, नुसत्या वस्तूचं नाही, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं पण आहे गरज.

लिस्टिंगमध्ये वजन बरोबर लिहिलं तरी नंतर जादा वजनाचं बिल येतं, काय करायचं?

पुरावा ठेवायचा, दुसरा उपाय नाही. माझं एकदा असं झालं, एकाच साईजच्या खोक्यातले एका आठवड्यातले सगळे कप एका कुरिअरनं डबल वजनाचे धरले, मी तक्रार केली, त्यांनी फोटो मागितले, माझ्याकडे एकही फोटो नव्हता, विषय संपला आणि पैसे गेले. तेव्हापासून प्रत्येक साईजच्या पॅक केलेल्या खोक्याचे चार फोटो काढून ठेवलेत, काट्यावर ठेवलेला, आणि टेप लावून लांबी, रुंदी, उंची, टेपवरचे आकडे स्पष्ट दिसतील असे. महाग ऑर्डर असेल तर लेबल लावल्यावर अजून एक, ट्रॅकिंग नंबर दिसेल असा.

तक्रारीला मुदत असते आणि ती बहुतेक वेळा फार थोड्या दिवसांची असते, त्यामुळे बिल महिन्याच्या शेवटी न बघता आठवड्यातून एकदा बघायचं ठरवून टाका. कोण एवढं बघतं असं म्हणून सोडलं की तोच फरक दर महिन्याला कापला जातो आणि आपल्याला वाटतं की धंदाच परवडत नाही.

पोस्टानं पाठवू, कुरिअरनं की अ‍ॅग्रीगेटरकडून?

तिन्ही ठेवा आणि पार्सल बघून ठरवा, एकालाच लग्न लागल्यासारखं धरून बसू नका.

हलकं आणि लहान असेल, घाई नसेल, किंवा पत्ता कुठेतरी आडबाजूचा असेल तर पोस्ट बहुतेक वेळा जिंकतं. पोस्टावर सगळीकडे सेवा द्यायची जबाबदारी असते, त्यामुळे दूरच्या गावाचा वेगळा जादा आकार सहसा लागत नाही, कुरिअर मात्र रिमोट एरिया म्हणून वेगळे पैसे लावतो. मोठं, जड, घाईचं, ट्रॅकिंग नीट हवं, घरून पिकअप हवा, तर कुरिअर. अ‍ॅग्रीगेटर म्हणजे खूप छोट्या सेलर्सचे पार्सल एकत्र करून मोठ्या कस्टमरचे रेट मिळवतो आणि त्यातला काही भाग तुम्हाला देतो, दिवसाला पाच-सात पार्सल असणाऱ्याला स्वतः जाऊन असे रेट मिळणं अवघड असतं. तोटा हा की पार्सल हरवलं तर अ‍ॅग्रीगेटर कुरिअरकडे बोट दाखवतो आणि कुरिअर अ‍ॅग्रीगेटरकडे.

तुलना करताना बेस रेटवर जाऊ नका. फ्युएल सरचार्ज, रिमोट एरिया, घरपोच डिलिव्हरीचा जादा आकार, पिकअप चार्ज, लांब किंवा वेड्यावाकड्या पार्सलचा हँडलिंग चार्ज, पत्ता चुकला तर दुरुस्तीचा चार्ज, कर, हे सगळं धरून तुमच्या स्वतःच्या तीन नेहमीच्या पार्सलची तीन नेहमीच्या ठिकाणांची बिलं काढा. नऊ आकडे होतात. त्या नऊ आकड्यांसमोर रेटकार्डची पन्नास पानं काही कामाची नाहीत.

माझ्या ऑर्डरी कमी आहेत, रेट कमी करून मागायला लाज वाटते.

लाज कसली. पण "रेट कमी करा" असं मोघम मागितलं तर नाही म्हणणं सोपं असतं. महिन्याला किती पार्सल, सरासरी वजन किती, कुठल्या भागात जातात, हे घेऊन जा आणि एखादी ठरावीक गोष्ट मागा, म्हणजे भाजक ५००० चा ६००० करा, किंवा पिकअप चार्ज माफ करा, किंवा अर्ध्या किलोऐवजी पाव किलोचा पहिला टप्पा द्या. हलक्या आणि मोठ्या मालाला भाजक बदलून मिळाला तर किलोच्या रेटमधल्या सवलतीपेक्षा तो जास्त कामाला येतो. काही सेवांमध्ये ड्रॉप पॉइंटवर स्वतः नेऊन दिलं तर स्वस्त पडतं, रोज न जाता एक दिवसाआड जा. दोघं-तिघं सेलर्स मिळून एका खात्यावर पाठवणं पण लोक करतात, फक्त आधी त्या कंपनीचे नियम बघा आणि हिशोब लिहून ठेवा, मैत्रीत हिशोब तोंडी ठेवला की मैत्री आणि हिशोब दोन्ही जातात.

फ्री शिपिंग द्यायचं का?

यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. फ्री शिपिंग असं काही नसतं, पैसे कुणीतरी भरतंच, प्रश्न एवढाच की ते किमतीत दिसणार की वेगळे दिसणार. चेकआउटला अचानक जादा आकडा दिसला की लोक कार्ट सोडून जातात हे विकणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. मार्केटप्लेस पण त्याच बाजूला ढकलतात, एट्सीनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सर्चमध्ये ३५ डॉलर आणि त्यावरच्या ऑर्डरवर फ्री शिपिंग देणाऱ्या दुकानांना वर दाखवायला सुरुवात केली आणि सेलर्सनी त्यावर बराच आरडाओरडा केला होता.

किमतीत घालायचं ठरवलं तर किती घालायचं? मागच्या ३० ऑर्डरींच्या शिपिंगची बेरीज करा आणि ३० नं भागा. समजा सरासरी ६० आली. पण किमतीत ६० वाढवले आणि कमिशन १० टक्के असेल तर त्या ६० मधले ६ मार्केटप्लेस घेणार, म्हणून ६० भागिले ०.९, म्हणजे जवळजवळ ६७ वाढवायला लागतात. आता तुम्ही म्हणाल की शिपिंग वेगळं लावलं तर हे कमिशन वाचेल, तर तेही तपासून घ्या, कारण ईबे आणि एट्सी दोघंही फी काढताना शिपिंगची रक्कम धरूनच काढतात. जिथे फी फक्त वस्तूच्या किमतीवर असते तिथेच शिपिंग वेगळं ठेवण्यात फायदा आहे.

मला स्वतःला ठरावीक रकमेच्या वर फ्री, हेच पटतं. एक वही पाठवायला जेवढा खर्च येतो तेवढ्यातच दुसरी वही जाते, कारण दोन्ही मिळून अर्ध्या किलोच्या आतच राहतात. त्यामुळे मर्यादा अशी ठेवायची की एक वस्तू घेतली तर थोडं कमी पडेल आणि दोन घेतल्या तर पार होईल. कपाला हे चालत नाही, दोन कप म्हणजे खोकाही डबल, म्हणून कपावर मी फ्री देत नाही आणि लोक विचारतात तेव्हा सरळ सांगते.

एकाच कस्टमरच्या दोन ऑर्डरी लागोपाठ आल्या तर?

एकत्र पाठवा आणि वाचलेल्यातलं थोडं परत द्या. मार्केटप्लेसच्या सेटिंगमध्ये कम्बाइन्ड शिपिंग असतं ते चालू करून ठेवा. ऑर्डरीनुसार वेगवेगळं ट्रॅकिंग लागत असेल तर मात्र आधी नियम बघा.

लांबच्या ऑर्डरीत सगळा नफा जातो, काय करू?

झोननुसार रेट असतात तिथे हे होणारच. तुम्ही सगळ्यांना एकच शिपिंग लावत असाल तर जवळचे कस्टमर लांबच्यांचे पैसे भरत असतात, आणि लांबच्या ऑर्डरी वाढल्या की सरासरी बिघडते, म्हणून ती सरासरी दर तीन-चार महिन्यांनी नव्यानं काढायची. काही पोस्ट आणि कुरिअर फ्लॅट रेटचे खोके देतात, अंतर काहीही असो आणि एका मर्यादेपर्यंत वजन काहीही असो, किंमत एकच. लहान, जड आणि लांब जाणारी वस्तू असेल, म्हणजे नटबोल्ट, पुस्तकं, धातूच्या मूर्ती, तर हे फार भारी. हलक्या वस्तूला फ्लॅट रेट घेणं म्हणजे उगाच.

कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलं परत येतात, तो खर्च कुठे धरायचा?

जी पार्सलं पोचतात त्यांच्यावर, कारण दुसरीकडे धरायला जागाच नाही. दहा पार्सल पाठवली, प्रत्येकी ६०, म्हणजे ६००. दोन परत आली, परतीचे पण ६० प्रमाणे १२०. एकूण ७२० आणि पैसे मिळाले फक्त आठांचे, म्हणजे एका पोचलेल्या पार्सलला शिपिंग ९० पडलं. रेटकार्डवर ६० आणि खिशातून ९०, दीडपट, आणि यात सीओडी चार्ज आणि परत आलेल्या मालाचे चुरगळलेले खोके धरलेलेच नाहीत. लोक रेटमध्ये दोन-तीन कमी करून घेण्यासाठी महिनाभर घासाघीस करतात आणि हा ३० चा खड्डा बघतच नाहीत.

उपाय साधे आहेत. ऑर्डर आली की मेसेज करून पत्ता आणि फोन नंबर पक्का करायचा, जिथे मार्केटप्लेस तशी परवानगी देतो तिथे. उत्तरच आलं नाही तर पार्सल एक दिवस थांबवायचं. अर्धवट पत्त्याला सीओडी बंद. आधी पैसे भरणाऱ्याला थोडी सवलत, कारण वरच्या हिशोबात ३० वाचताहेत त्यातले १५ देऊन टाकले तरी तुम्ही फायद्यात. आणि ऑर्डर आल्यावर लवकर पाठवा, चार दिवसांनी दारात आलेलं पार्सल बघून माणसाला आपण हे का मागवलं होतं तेच आठवत नाही.

आणि वस्तू आवडली नाही म्हणून परत येतात त्यांचं?

ते पॅकिंगमध्ये नाही, लिस्टिंगमध्ये सुटतं. कपाची उंची आणि किती मिलिलिटर मावतं ते लिहिलं आणि हातात धरलेला एक फोटो टाकला तेव्हापासून "फारच लहान निघाला" हे बंद झालं. कपड्यांच्या सेलर्सनी सेंटीमीटरमध्ये साईज चार्ट द्यायलाच हवा. अगदी स्वस्त वस्तू असेल तर परत मागवण्यापेक्षा पैसे परत देऊन वस्तू त्यांनाच ठेवायला सांगणं स्वस्त पडतं, फक्त हे आधीच जाहीर करू नका.

परदेशात पाठवायचं तर कुठे पैसे वाचतात?

पहिली गोष्ट, २ किलोच्या आतलं लहान पॅकेट पोस्टानं. आंतरराष्ट्रीय टपाल संघटना १८७४ पासून आहे आणि तिच्या पद्धतीत स्मॉल पॅकेटची मर्यादा २ किलो आहे, याच्या आत बसवता आलं तर कुरिअरपेक्षा बहुतेक वेळा खूप स्वस्त. त्यावर कस्टम्सचा फॉर्म लागतो, ३०० एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किमतीपर्यंत सीएन २२ आणि वर सीएन २३. वर्णन "गिफ्ट" किंवा "सामान" असं लिहू नका, "सिरॅमिक कप, १ नग" असं लिहा आणि एचएस कोडचे, म्हणजे कस्टम्ससाठी वस्तूचा प्रकार सांगणाऱ्या नंबरचे, निदान पहिले ६ आकडे द्या, ते जगभर सारखे असतात. पार्सल अडकून परत आलं की आंतरराष्ट्रीय रिटर्नचा खर्च कधीकधी वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होतो, त्यामुळे नीट लिहिलेला फॉर्म हीच मोठी बचत. किंमत कमी दाखवायची आयडिया कुणी दिली तर हसून सोडून द्या, ते खोटं डिक्लरेशन आहे आणि पार्सल हरवलं तर भरपाईही तेवढीच मिळते.

नियम सारखे बदलतात. युरोपियन युनियननं १ जुलै २०२१ पासून २२ युरोपर्यंतची व्हॅटची सूट काढून टाकली आणि १५० युरोपर्यंतच्या पार्सलसाठी आयओएसएस ही व्हॅट भरायची नोंदणी पद्धत आणली, त्यात व्हॅट विक्रीच्या वेळीच घेतात. मार्केटप्लेसवरून विकत असाल तर व्हॅट बहुतेक मार्केटप्लेसच गोळा करतो, पण त्याचा आयओएसएस नंबर कुरिअरच्या इलेक्ट्रॉनिक डेटामध्ये टाकायचं काम तुमचं, तो विसरलात तर कस्टमरकडून दारात परत व्हॅट मागतात आणि तो पार्सल नाकारतो. अमेरिकेनं ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची ड्युटी माफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्या देशांसाठी थांबवली, त्यामुळे जुन्या किमतीवर तिकडे पाठवत असाल तर हिशोब पुन्हा करा. ड्युटी आधीच भरून पाठवायची की कस्टमरनं दारात भरायची हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहा, आधी भरलेली थोडी महाग वाटते पण नाकारलेलं पार्सल त्याहून महाग.

इन्शुरन्स घेऊ का?

स्वस्त मालाला नको. शंभरातली जितकी पार्सलं हरवतात किंवा फुटतात त्यांची किंमत आणि शंभर पार्सलचा इन्शुरन्सचा खर्च समोरासमोर लिहा, उत्तर दिसेल. महागड्या एकट्या-दुकट्या वस्तूला घ्या, आणि काचेचं, सिरॅमिकचं कव्हर होतं का ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच वगळलेलं असतं.

मार्केटप्लेसच्या गोडाऊनमध्ये माल ठेवला तर शिपिंग स्वस्त पडतं म्हणतात?

डिलिव्हरी स्वस्त पडू शकते, पण तिथे जागेचं भाडं आकारमानावर असतं आणि न खपलेल्या मालावरचा चार्ज वेळ जाईल तसा वाढत जातो. पटापट खपणारी, लहान, एकाच प्रकारची वस्तू असेल तर बघा. माझे कप रंगानुसार वेगळे, कधी खपतात कधी नाही, मी एकदा पन्नास पाठवले आणि त्यातले निम्मे परत मागवायचा खर्च पण मीच दिला.

लेबल साध्या प्रिंटरवर काढू की थर्मल घेऊ?

दिवसाला दोन-चार पार्सल असतील तर साधा कागद, अर्ध्यात कापून, पारदर्शक टेपनं चारी बाजू चिकटवलेला, बारकोडवर टेपची सुरकुती येऊ न देता. दहाच्या वर गेलात की थर्मल घ्या, शाई लागत नाही. फक्त थर्मल लेबल उन्हात आणि गरम गाडीत काळं पडतं, म्हणून पार्सल पिकअपपर्यंत सावलीत ठेवा आणि आत एका चिठ्ठीवर पत्ता आणि ऑर्डर नंबर लिहून टाका. बाहेरचं लेबल निघून पडलं तरी त्या चिठ्ठीवरून माझी दोन पार्सलं घरी परत आलीत.